घरचं उळं आणि शाळेचा सर्व्हर

कांद्याचं बी विकत आणायचं की घरी धरायचं, हा प्रश्न लासलगावच्या पंचक्रोशीत दर हंगामाला नव्याने निघतो. घरी धरणारा शेतकरी आदल्या पिकातले एकसारखे, घट्ट, जोडकांदा नसलेले कांदे बाजूला काढतो आणि थंडीच्या तोंडावर त्यांचे डोंगळे लावतो. माघ-फाल्गुनात पांढरे गोंडे फुलतात, त्यांच्यावर मधमाश्या घोंगावतात आणि उन्हं तापली की काळंभोर उळं, म्हणजे कांद्याचं बी, हाती येतं. यात मेहनत आहे, जमीन अडकते आणि ऐन फुलोऱ्यात गारपीट झाली तर सगळंच जातं. तरीही अनेक घरं हा उद्योग सोडत नाहीत. आपल्या उळ्याचं कूळ आपल्याला ठाऊक असतं, शेजाऱ्याला ओंजळभर देता येतं आणि दुकानात बी मिळालं नाही म्हणून रोप टाकायचं राहत नाही.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. देशभरच्या कांद्याचा भाव इथल्या लिलावाकडे बघून ठरतो. बियाणं कोणाच्या मालकीचं, हा विषय इथे पारावरही कळतो. तोच प्रश्न महाराष्ट्रातल्या शाळांच्या संगणक कक्षात मात्र क्वचितच विचारला जातो. तिथलं बी नेहमीच बाहेरचं असतं. कुणीतरी संगणक देतं, कुणीतरी त्यात ‘विंडोज टाकून’ देतं, बिघडलं की ‘फॉरमॅट मारून’ देतं. आत काय टाकलं, त्याचा परवाना होता की क्रॅक केलेली सीडी होती, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही.

हा प्रश्न आता टाळता येणार नाही, असं एक निमित्त अलीकडेच घडलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. याआधी विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला होता. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र नवी भोकं सापडली तर ती बुजवणारे सुधार नेहमीसारखे येत नाहीत. विंडोज ११ घ्यायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. देणगीतून, आमदार निधीतून किंवा एखाद्या बँकेने जुने काढून टाकले म्हणून शाळेत आलेले कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, पण कागदावर ते निवृत्त झालेलं आहे.

अशा यंत्रांना भंगाराच्या गाडीवर चढवण्याआधी एक दुसरी वाट आहे. ती नवी नाही आणि महाराष्ट्राला अनोळखीही नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेल्या सूचना. त्या मूळ सूचनांना सोर्स कोड म्हणतात. विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये हा मूळ मजकूर कंपनीच्या तिजोरीत राहतो, गिऱ्हाइकाला मिळतो तो फक्त चालणारा माल, तोही वापरण्याच्या परवानगीपुरता. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ मजकूरच हाती दिला जातो. तो वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, अशी लेखी परवानगी त्याच्याबरोबर येते. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून जगासमोर ठेवला. या दोन प्रवाहांच्या संगमातून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा कार्यप्रणाली तयार झाल्या.

नाशिककरांना ‘मुक्त’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. तिथे ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे, दार उघडं. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही तेच आहे. ते बहुतेक वेळा पैसे न देता मिळतं हे खरं, पण त्याचं खरं वेगळेपण दार उघडं असण्यात आहे.

वाचकांपैकी बहुतेकांनी ते वापरलेलंही आहे. हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की जे ‘दीक्षा’ उघडतं, ते २०१७ मध्ये सुरू झालेलं व्यासपीठ ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभं आहे. म्हणजे मुलं, शिक्षक, पालक सगळे या पाण्यात उतरलेले आहेत. फक्त शाळेची लॅब काठावर बसली आहे.

महाराष्ट्रात शाळेतलं मुक्तस्रोत नेटवर्क पाहायचं तर सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या वस्तीपासून करावी लागते. कर्जत तालुक्यातल्या या वस्तीत २००७ च्या पावसाळ्यानंतर पांढरे-हिरवे, खेळण्यासारखे दिसणारे लॅपटॉप आले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या वर्तुळातून निघालेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग होता. केंद्र सरकारने वर्षभर आधीच, २००६ मध्ये, हा प्रकल्प घ्यायला नकार दिला होता. त्यामुळे सुरुवात एका शाळेपुरती झाली. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र, विद्यार्थी बावीस.

‘एक्सओ’ नावाच्या या लॅपटॉपमध्ये फेडोरा लिनक्सवर चालणारी ‘शुगर’ ही मुलांसाठी खास बनवलेली प्रणाली होती. मेमरी अवघी २५६ एमबी आणि साठवण १ जीबी, आजच्या स्वस्त मोबाइलहूनही कितीतरी कमी. पडदा भर उन्हात वाचता यायचा. झाकण उघडलं की सशासारखे दोन हिरवे कान वर यायचे, ते वायफायचे अँटेना. इंटरनेट नसलं तरी हे लॅपटॉप आपापसांत जोडले जायचे आणि एकाचा निरोप दुसऱ्यामार्फत तिसऱ्याकडे पोहोचायचा. नेटवर्क म्हणजे इंटरनेटच, हा मोठ्यांचाही गैरसमज तिथे पहिली-दुसरीच्या मुलांसमोर रोज खोटा ठरत होता. कीबोर्डवर एक वेगळी कळ होती. ती दाबली की समोर चाललेल्या कार्यक्रमाचा मूळ कोड उघडायचा. चौथीतल्या किती मुलांना तो कळला असता, हा मुद्दा वेगळा. मुलासाठी कुठलंही झाकण बंद नसावं, हा विचार त्या कळीमागे होता.

खैरातचा प्रयोग राज्यभर पसरला नाही. शंभर डॉलरचा म्हणून जाहीर झालेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात सुमारे १८८ डॉलरला पडला आणि तो बनवणाऱ्यांचं लक्ष यंत्रावर जास्त, शिक्षकावर कमी होतं, अशी टीका जगभर झाली. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेने मात्र त्याच यंत्रावर ‘प्लान सेइबाल’ नावाची देशव्यापी योजना उभारली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांपर्यंत लॅपटॉप पोहोचवले. यंत्र दोन्हीकडे तेच होतं. तिथे त्याच्या मागे सरकारची कायमची यंत्रणा, जोडणी आणि दुरुस्तीची सोय उभी राहिली, इथे राहिली नाही.

दुसरं उदाहरण मुंबईत घडलं आणि मुंबईबाहेर नांदलं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा ध्यास घेतलेली एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या मंडळींनी ‘जीस्टुडिओ’ नावाचं शिक्षण-व्यासपीठ तयार केलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाने ते राजस्थान, तेलंगणा, छत्तीसगड आणि मिझोरामच्या शेकडो सरकारी माध्यमिक शाळांत नेलं. रचना साधी होती. लॅबमध्ये एक सर्व्हर. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे सगळे धडे, खेळ, चर्चेच्या जागा त्याच्या पोटात. बाकीचे संगणक केबलने त्याला जोडलेले. विद्यार्थी ब्राउझर उघडतो, आपल्या नावाने आत शिरतो, काम करतो. बाहेरचं इंटरनेट असो वा नसो, तास बुडत नाही. या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ सालचा किंग हमद पुरस्कार मिळाला. जे मुंबईत तयार झालं ते मिझोरामच्या डोंगरात चाललं, पण लासलगाव ज्यात येतं त्या निफाड तालुक्यातल्या शाळांच्या ते कानावरही नसेल.

आता लासलगावातल्याच एखाद्या माध्यमिक शाळेची लॅब डोळ्यांसमोर आणू. वीस जुने संगणक, एक प्रिंटर, वीज जाते-येते, इंटरनेट कधी धावतं कधी रांगतं. नाशिक साठेक किलोमीटरवर, त्यामुळे तिथून तंत्रज्ञ बोलावला तर त्याचा दिवस मोडतो आणि शाळेचा खिसा. अशा ठिकाणी मुक्तस्रोत नेटवर्क नेमकं काय करतं?

सर्व्हर हा शाळेतल्या हेडक्लार्कसारखा. सकाळी संगणक सुरू झाले की तो प्रत्येकाला नेटवर्कवरचा क्रमांक देतो, वर्गात हजेरी क्रमांक द्यावा तसा. या कामाला डीएचसीपी म्हणतात. कोण विद्यार्थी, कोण शिक्षक, कुणाला कुठे शिरायची मुभा, याचं जनरल रजिस्टरही त्याच्याकडे असतं, त्याचं नाव एलडॅप. प्रत्येक मुलाचं दप्तर, म्हणजे त्याच्या फाइलींचं फोल्डर, सर्व्हरवरच राहतं. त्यामुळे आज तिसऱ्या संगणकावर अर्धवट ठेवलेलं चित्र उद्या अकराव्या संगणकावर पुरं करता येतं आणि ‘माझ्या मशीनवर दुसरा बसलाय’ ही लॅबमधली नेहमीची तक्रार मिटते. छपाई एकाच प्रिंटरवरून होते, नको त्या संकेतस्थळांना दारातच अडवलं जातं आणि रात्री सगळ्या दप्तरांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली जाते.

ही सगळी कामं करणारी सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत आणि ती एकेक करून बसवणं जिकिरीचं. म्हणून नॉर्वेत २ जुलै २००१ रोजी ‘स्कोलेलिनक्स’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. शाळेला लागणारं अख्खं नेटवर्क एका साच्यात बांधून द्यायचं, ही त्याची कल्पना. आज तो ‘डेबियन एज्यु’ या नावानेही ओळखला जातो. त्याच्या उगमाचं एक कारण मराठी माणसाला जवळचं वाटेल. त्यांना शाळेतला संगणक इंग्रजीत नव्हे, आपल्या भाषेत बोलायला हवा होता आणि उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेतही.

जुन्या यंत्रांसाठी आणखी एक युक्ती आहे, एलटीएसपी. १९९९ पासून विकसित होत आलेल्या या व्यवस्थेत लॅबमधल्या संगणकांना स्वतःची हार्ड डिस्क नसली तरी चालतं. बटण दाबलं की यंत्र केबलमधून सर्व्हरला हाक मारतं, सर्व्हर त्याला कार्यप्रणाली पाठवतो आणि काही वेळात पडद्यावर लॉगिनची चौकट येते. यातून तीन गोष्टी साधतात. नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर वीस ठिकाणी नव्हे, एकाच ठिकाणी टाकावं लागतं. मुलांनी काही बिघडवलं तर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो होता तसा. आणि वीज अचानक गेली तर धोका एकट्या सर्व्हरला. त्याला एक चांगला यूपीएस दिला की भागतं, वीस बॅटऱ्यांचा खर्च वाचतो. लोडशेडिंगच्या गावात हा तिसरा फायदा पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा ठरतो.

याला मर्यादाही आहेत. आजचे ब्राउझर मेमरी खातात. १ जीबी मेमरीच्या यंत्रावर कुठलीही जादू चालत नाही, निदान ४ जीबी हवी. सर्व्हर, स्विच आणि केबल चांगल्या प्रतीच्या नसतील तर वीस मुलं एकदम लॉगिन करताना सगळं खोळंबतं. आणि सर्व्हरच बसला तर पूर्ण लॅब बसते. एका टोपलीत सगळी अंडी ठेवली की टोपली जपावी लागते.

लॅब उभी राहिली, पुढे शिकवायचं काय? लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्सपेंट, आकाश दाखवायला स्टेलॅरियम, लेखन-हिशोबाला लिबरऑफिस, प्रोग्रॅमिंगच्या श्रीगणेशाला स्क्रॅच आणि पुढे पायथॉन. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही विज्ञानाची प्रात्यक्षिकं मराठीतही आहेत आणि उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात. ‘किविक्स’ नावाचं सॉफ्टवेअर अख्खा विकिपीडिया सर्व्हरवर आणून ठेवतं. १ मे २००३ पासून वाढत आलेला मराठी विकिपीडियाही त्यात बसतो. ‘कोलिब्री’त व्हिडिओ आणि स्वाध्याय भरून ठेवता येतात. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही ते चालतं.

मराठीचा मुद्दा इथे नुसता अभिमानाचा नाही. शाळेतल्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांमध्ये टंकल्या गेल्या. एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडली की अक्षरांची गिचमीड, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाच्या गाठीशी आहे. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर कुठेही तोच राहतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा फरक संगणकाला कळायला हवा. तो नीट उमटला नाही तर मुक्तस्रोतात तक्रार करून, क्वचित स्वतः हात घालून, दुरुस्ती करता येते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत आहेत, मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा देखणा फॉन्ट खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे आणि पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून भारतीय भाषांसाठी वर्षानुवर्षं काम झालं आहे. मराठीची ही शिदोरी तयार आहे, शाळांनी ती सोडायची तेवढी राहिली आहे.

शेजारच्या गोव्याने हा विचार बराच लवकर केला. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक जहाजाने आणवले आणि त्यांच्यावर लिनक्स चढवून ते शाळांना दिले. परदेशी गेलेले गोवेकर त्यामागे होते. जुनं यंत्र आणि मुक्त सॉफ्टवेअर ही जोडी जमते, हे तिथे दिसलं. तितकंच हेही दिसलं की यंत्र मिळवणं सोपं आणि शिकवणारा टिकवणं अवघड.

केरळने नेमकं तेच अवघड काम हाती घेतलं. २००१ मध्ये सुरू झालेला तिथला ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प काही वर्षांत पूर्णपणे लिनक्सकडे वळला. पाठ्यपुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सगळं त्यावर बेतलं गेलं. २०१७ मध्ये या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये तिने उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी आणली आणि त्यातून ३,००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं.

हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला, पण तो जरा उलगडून पाहावा. एका संगणकावरच्या सगळ्या विकाऊ सॉफ्टवेअरची किंमत दीड लाख रुपये धरली आणि तिला दोन लाखांनी गुणलं, की ३,००० कोटी होतात. कुठलीही सरकारी शाळा त्या बाजारभावाने सॉफ्टवेअर घेत नाही. शिक्षणसंस्थांना कंपन्या भरघोस सवलत देतात आणि सवलत परवडली नाही तर लोक चोरीची प्रत वापरतात. तेव्हा ही बचत बरीचशी कागदावरची. केरळची खरी कमाई दुसरीकडे आहे. तिथे प्रत्येक माध्यमिक शाळेत एका शिक्षकावर आयटी समन्वयक म्हणून जबाबदारी असते. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून लाखभर विद्यार्थ्यांना संगणक जोडणं, दुरुस्त करणं, चित्रफिती बनवणं शिकवलं जातं. बिघाड झाला की आधी शाळेतलाच माणूस हात लावतो. ज्याला घरचं उळं धरता येतं, त्याला बी विकत घेणंही कळतं, तसंच हे.

महाराष्ट्राची वाट याच्या नेमकी उलट गेली. इथली आयसीटी योजना तीन टप्प्यांत सुमारे ८,००० शाळांत पोहोचली ती ठेकेदारामार्फत. कंपनीने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची, असा करार. संगणक शिक्षकही कंपनीचेच. मुदत संपली तसे शिक्षक गेले, त्यांची आंदोलनं झाली आणि अनेक ठिकाणी लॅबला कुलूप लागलं. शाळेच्या हाती यंत्रं आली, ती चालवण्याची विद्या मात्र करारात नव्हती.

मुक्तस्रोताचं नाव काढलं की मुख्याध्यापकांच्या खोलीत काही आक्षेप हमखास निघतात आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला पालकांचा. २००१ पासून एमएस-सीआयटी हा महाराष्ट्रातल्या नोकरीचा परवलीचा शब्द आहे आणि त्यात विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात. मग शाळेत दुसरंच कशाला? त्याला उत्तर असं की पाचवीत शिकलेलं मूल नोकरीला लागेपर्यंत विंडोजच्याही दोन-तीन आवृत्त्या उलटून जातात. फाइल, फोल्डर, सूत्र, तक्ता या कल्पना पक्क्या झाल्या तर बटण कुठे आहे हे आठवड्यात कळतं. तरीही दहावीच्या मुलांसाठी दोन-चार संगणक विंडोजचे ठेवण्यात कुठलाच धर्म बुडत नाही.

दुसरा आक्षेप कार्यालयाचा. शाळेच्या हिशोबाचं एखादं सॉफ्टवेअर, एखादा जुना स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन लिनक्सवर कुरकुर करतं. हे खरं आहे. म्हणून कार्यालयाचा संगणक आहे तसा ठेवावा आणि बदल लॅबपासून सुरू करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शिकवणार कोण? यावर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने बरंच काम केलं आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या निधीतून तयार झालेल्या या चित्रफिती साधारण दहा-दहा मिनिटांच्या आहेत. लिनक्स, लिबरऑफिस, पायथॉन असे विषय आणि अनेक धड्यांचं निवेदन मराठीत. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, अर्ध्यात सॉफ्टवेअर, बघत बघत करायचं. गुरुजी शेजारी नसले तरी एकट्याने शिकता यावं, अशीच त्यांची बांधणी आहे.

सरकारी धोरणाचीही आडकाठी नाही. शालेय शिक्षणातल्या माहिती तंत्रज्ञानाच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती दिली आहे आणि २०१५ मध्ये केंद्राने आपल्या कार्यालयांसाठी तसंच धोरण जाहीर केलं. सीडॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स आणि तिची शाळांसाठीची आवृत्तीही आहे. कागद सगळे अनुकूल आहेत. कमी आहे ती प्रत्येक शाळेत एका अशा माणसाची, ज्याला सर्व्हरची भीती वाटत नाही.

त्या माणसावरच खर्च करावा लागतो आणि इथेच बहुतेक प्रयोग फसतात. सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून अंदाजपत्रकातून संगणकाचं पानच फाडलं जातं. परवान्याचे वाचलेले पैसे केबल, यूपीएस, सुट्या डिस्क आणि एका शिक्षकाचं प्रशिक्षण यांवर वळवले तरच नेटवर्क दुसऱ्या वर्षीही चालतं. तीन-चार शाळांनी मिळून गावातल्याच एखाद्या आयटीआय झालेल्या, मोबाइल दुरुस्तीत हात बसलेल्या तरुणाला महिन्याला ठरावीक मानधन दिलं तर नाशिकच्या फेऱ्या वाचतात आणि विद्या गावात राहते.

सुरुवात करायला वीस संगणक लागत नाहीत. एक पेनड्राइव्ह लागतो. त्यावर उबुंटू किंवा डेबियन उतरवून घेतलं की संगणकातलं काहीही न पुसता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. ध्वनी येतो का, प्रिंटर ओळखतो का, मराठी नीट उमटतं का, हे एका दुपारी कळतं. पसंत पडलं तर सर्वांत जुन्या संगणकावर ते बसवावं आणि सत्रभर आठवीच्या दोन-तीन चौकस मुलांच्या हाती द्यावं. पुढच्या सत्रात एक सर्व्हर आणि पाच संगणक. सगळी लॅब बदलायची ती त्यानंतर, तीही महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून झाल्यावर.

विंडोज १० चा आधार संपला आहे आणि शाळांच्या कपाटांतून, माळ्यांवरून जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावण्याची तयारी सुरू होईल. लासलगाव, निफाड, येवला, चांदवड या भागातल्या शाळा समित्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी त्यातला एक संगणक बाजूला काढावा, धूळ झटकावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्यावर हा प्रयोग करून पाहावा. खर्च एका पेनड्राइव्हचा आहे.